१२३४५६७८९८७६५४३२१ : डेम्लो संख्या आणि द. रा. कापरेकर यांच्या अंकसंशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्ग कासारवाडी येथील नाशिक फाट्यापासून सुरू होतो. भोसरी, चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा प्रवास करीत तो नाशिकला पोहोचतो. नाशिकलगतच्या देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शालेय शिक्षक गणित शिकवीत होते. या मार्गाच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे कासारवाडी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात, संख्या हे प्रामुख्याने मोजमापाचे साधन आहे. यंत्रभागाची जाडी, पाळीतील उत्पादन, मालाची किंमत यांपैकी कशाची तरी ती संख्या असते. कापरेकरांच्या लेखी मात्र संख्या ही स्वतःच अभ्यासाची वस्तू होती. तिचे अंक कोणत्या क्रमाने येतात, त्यांची बेरीज किती होते, त्या बेरजेचा मूळ संख्येशी काय संबंध असतो, हे त्यांचे प्रश्न होते.

या प्रश्नांना गणितात कोणते स्थान द्यावे, याविषयी विसाव्या शतकात एकमत नव्हते. काही विद्वानांना हे संशोधन वाटले, तर काहींना तो फावल्या वेळेचा खेळ वाटला. १२३४५६७८९८७६५४३२१ या सतरा अंकी पूर्णांकाच्या आधारे हा वाद तपासता येतो, कारण कापरेकरांनी नामकरण केलेल्या दोन संख्याप्रकारांचा संगम या एकाच संख्येत झालेला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कापरेकरांच्या डेम्लो संख्यांच्या संकल्पनेचा ऐतिहासिक परिचय करून घेणे.
२) उपरोक्त सतरा अंकी संख्येचे गुणधर्म सिद्धतेसह मांडणे.
३) अंकांवर आधारित गुणधर्मांविरुद्ध घेतल्या गेलेल्या आक्षेपाची चिकित्सा करणे.

कापरेकरांची जडणघडण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषातील आकडेमोडीमुळे मुलाला संख्यांची गोडी लागली असे सांगितले जाते. तथापि कापरेकरांचे पुढील कार्य पाहता एक भेद स्पष्ट दिसतो. भविष्य सांगणारे अंकशास्त्र संख्येला मानवी नशिबाशी जोडते. कापरेकरांनी संख्येला केवळ तिच्या अंकांशी जोडले. त्यांचे प्रत्येक विधान कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येण्यासारखे होते.

माध्यमिक शिक्षण ठाणे येथे पूर्ण करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. या महाविद्यालयास गणिताची थोर परंपरा होती. केंब्रिज येथे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे हे तेथील प्राचार्य होऊन गेले होते. त्यांच्याच नावाने दिले जाणारे रँग्लर परांजपे गणित पारितोषिक कापरेकरांना १९२७ मध्ये स्वतंत्र गणितलेखनासाठी मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेऊन पुढील वर्षी ते देवळालीस शिक्षक झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. संशोधनाचे मार्गदर्शक, विद्यापीठीय ग्रंथालय, विद्वान सहकाऱ्यांशी दैनंदिन चर्चा यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी आपले कार्य केले. त्याचा पुष्कळसा भाग त्यांनी स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाला.

डेम्लो संख्या : नाव आणि व्याख्या

तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो नावाचे स्थानक होते. ते म्हणजे आजचे डोंबिवली. या संख्यांची कल्पना तेथे सुचली म्हणून कापरेकरांनी त्यांना स्थानकाचेच नाव दिले. गणितात संकल्पनांना बहुधा थोर गणितज्ञांची नावे दिली जातात. येथे तो मान रेल्वेच्या एका स्थानकाला मिळाला. के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धांताविषयीचा त्यांचा निबंध १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात : आरंभीचा, मधला आणि शेवटचा. मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो. आरंभीचा व शेवटचा भाग यांची बेरीज केली असता मधल्या भागातलाच अंक मिळतो. उदाहरणार्थ, २५५३ या संख्येत २ आणि ३ यांची बेरीज ५ होते व मध्ये ५ हाच अंक आहे. ४७७७३ या संख्येत ४ आणि ३ यांची बेरीज ७ होते व मध्ये तीन वेळा ७ आहे.

या संख्या कोठून येतात हे पाहिले म्हणजे त्यांचे गूढ उकलते. ४७७७३ हा ११११ आणि ४३ यांचा गुणाकार आहे. ११११ ने गुणणे म्हणजे ४३ ही संख्या चार वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहिणे व बेरीज करणे. त्यामुळे दोन्ही टोकांच्या घरांत ४ आणि ३ हे अंक एकेकटे राहतात, तर मधल्या प्रत्येक घरात ते एकमेकांना भेटून ७ होतात. २५५३ हाही याच रीतीने १११ आणि २३ यांचा गुणाकार आहे. म्हणजे डेम्लो संख्या हा गुणाकाराच्या नित्याच्या रीतीचाच एक उघडा पडलेला सांगाडा आहे.

सर्व अंक १ असलेल्या संख्येला तिनेच गुणले असता याच कुळातील सर्वांत देखणी शाखा मिळते. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ याप्रमाणे पुढे जात नऊ एक असलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ होतो. येथेही डेम्लोची अट पाळली जाते. मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज केल्यास ९९९९९९९९, म्हणजे ओळीने आठ ९ मिळतात.

प्राचीन पूर्वसूत्र

असा चढता-उतरता क्रम भारतीय गणितात कापरेकरांच्या सुमारे अकराशे वर्षे आधी नोंदला गेला होता. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या वेळी राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. या ग्रंथातील गुणाकाराच्या उदाहरणांत काही गुणाकार अलंकारासारखे निवडलेले आहेत. ज्यांचे अंक दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येतात अशा या संख्यांना कंठात घालावयाच्या माळेची उपमा दिलेली आहे. त्यांत १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी असे तिचे वर्णन येते. ती २७९९४६८१ व ४४१ यांच्या गुणाकारातून मिळते. हे दोन्ही घटक पूर्ण वर्ग आहेत : पहिला ५२९१ चा व दुसरा २१ चा. ५२९१ आणि २१ यांचा गुणाकार ११११११ होतो. म्हणजे महावीराचार्यांची ही माळ सहा एकांच्या संख्येचाच वर्ग होय.

मद्रास येथे १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. महावीराचार्यांनी ही संख्या विद्यार्थ्याच्या मनोरंजनासाठी व सरावासाठी योजली होती. कापरेकरांनी तशाच संख्यांचा एक वर्ग कल्पिला, त्याची व्याख्या केली आणि त्याचे नियम शोधले. दोघांमधील हे अंतर महत्त्वाचे आहे. एका सुंदर उदाहरणापासून व्याख्येपर्यंतचा प्रवास हीच गणिती विचाराची पहिली पायरी असते.

हातच्याची मर्यादा

हा क्रम नवावरच का थांबतो? नऊ एकांच्या संख्येचा वर्ग करताना मधल्या घरात नऊ वेळा १ येतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांत आठ वेळा, त्यापलीकडे सात वेळा. कोणत्याही घरातील बेरीज ९ च्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि मोजणी जशीच्या तशी अंकांत उतरते. दहा एक घेतले की मधल्या घरात १० येतात. तेथे ० मांडून १ हातचा घ्यावा लागतो. तो पुढच्या घरातील ९ मध्ये मिळून पुन्हा १० होतात. परिणामी दहा एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो व समतोल बिघडतो. प्रत्येक हातच्यामुळे अंकांची बेरीज ९ ने घटते. येथे दोन हातचे आल्यामुळे ती १०० न राहता ८२ होते.

यावरून सतरा अंकी संख्येचे वैशिष्ट्य नेमके सांगता येते. हातचा न घेता ज्या घरापर्यंत जाता येते, त्या शेवटच्या घराची ती संख्या आहे. तिचे मूळ अवयवही नियमबद्ध आहेत. १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. यातील ३७ व ३३३६६७ यांचा गुणाकार १२३४५६७९ होतो. ८ हा अंक गाळलेली ही संख्या शालेय कोड्यांतून परिचित आहे. १२३४५६७९ च्या पुढे नऊ शून्ये मांडून त्यातून १२३४५६७९ वजा केले असता बरोबर १२३४५६७८९८७६५४३२१ उरते. म्हणजेच ही संख्या १२३४५६७९ आणि ९९९९९९९९९ यांचा गुणाकार आहे.

हार्डी यांचा आक्षेप

गुंजीकर व कापरेकर यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९४० मध्ये, केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांचे 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रामानुजन यांची प्रतिभा ओळखणारे हेच ते हार्डी. या पुस्तकाचा रोख कापरेकरांवर नाही. परंतु त्यातील एक विवेचन कापरेकरांच्या साऱ्या कार्याला लागू पडते. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या त्यांचे अंक उलट लिहिल्यावर मिळणाऱ्या संख्येच्या पूर्ण पटीत आहेत. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे, तर ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे. हार्डी यांच्या मते अशा गोष्टी वृत्तपत्रातील कोड्यांच्या सदरात शोभतात. गणितज्ञाला त्यांचे आकर्षण वाटत नाही, कारण त्या अतिविशिष्ट असून त्यांतून महत्त्वाचे व्यापक विधान निघत नाही.

या आक्षेपाचे मर्म समजण्यासाठी रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ ही संख्या पाहता येईल. ती दोन घनांच्या बेरजेने दोन प्रकारे लिहिता येते. हा गुणधर्म संख्येचा स्वतःचा आहे. ती कोणत्याही लेखनपद्धतीत लिहिली तरी तो टिकतो. याउलट १७२९ च्या अंकांची बेरीज १९ असून १९ ने १७२९ ला निःशेष भाग जातो, हा गुणधर्म दशमान लेखनावर अवलंबून आहे. माणसाला दहा बोटे नसती, तर हे विधान कदाचित कोणी केलेच नसते.

हर्षद संख्या आणि आक्षेपाचे परीक्षण

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, असे संस्कृत नाव दिले. पुढे १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत अशा संख्यांचा उल्लेख केल्यानंतर त्यांना 'निव्हेन संख्या' हे दुसरे नावही मिळाले.

प्रस्तुत सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. संख्येला ८१ ने भाग दिल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा पूर्ण भागाकार येतो, व तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही डेम्लो संख्या हर्षदही आहे. एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ वर्गांपैकी हा मान केवळ १, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१ या तिघांनाच मिळतो.

हा योगायोग आहे काय? त्याचे कारण साधे आहे. १० च्या प्रत्येक घाताला ९ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून नऊ एकांच्या संख्येतील प्रत्येक एक बाकीत १ ची भर घालतो, एकूण बाकी ९ होते आणि संख्येला ९ ने निःशेष भाग जातो. मग तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. आणि हातचा नसल्याने वर्गाच्या अंकांची बेरीजही ८१ च असते.

या युक्तिवादात १० या संख्येचे स्वतःचे असे कोणतेच कार्य नाही. दहाऐवजी आठ हा पाया घेऊन संख्या लिहिल्या तर सात एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच दिसतो. त्या लेखनातील अंकांची बेरीज ४९ होते व ४९ ने त्या संख्येला निःशेष भाग जातो. पडताळा दशमानातही घेता येतो : आठच्या पायातील सात एक म्हणजे दशमानातील २९९५९३, आणि ती ७ ची ४२७९९ पट आहे. कोणताही पाया घेतला तरी पायाहून एकाने कमी इतके एक मांडून वर्ग करावा. चढता-उतरता क्रमही मिळतो आणि संख्या हर्षदही असते. हार्डी यांनी घेतलेल्या उदाहरणांपैकी ९८०१ चेही असेच आहे. आठच्या पायात १०६७ ची सातपट ७६०१ येते.

तेव्हा हार्डी यांचा आक्षेप अर्धा खरा ठरतो. एखादी सुटी अंकचमत्कृती हे गणित नव्हे, आणि वरील व्यापक विधानही त्यांना अभिप्रेत असलेल्या गांभीर्याचे नाही, हे मान्य करावे लागते. परंतु अंकांच्या गुणधर्मांचे व्यापकीकरण होऊच शकत नाही, असे म्हणता येत नाही. त्यांत स्थानिक किंमत आणि हातचा या दोन कल्पनांचे नियम दडलेले असतात. हर्षद संख्यांचा पुढील इतिहासही हेच दाखवितो. दशमान पद्धतीत लागोपाठच्या २१ संख्या हर्षद असू शकत नाहीत, हे कूपर व केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. १९९४ मध्ये ग्रंडमन यांनी त्याचे सर्व पायांसाठी व्यापकीकरण केले : पायाच्या दुपटीहून अधिक संख्या लागोपाठ हर्षद असू शकत नाहीत. कोड्यांच्या सदरातील मानल्या गेलेल्या कल्पनेवर अशा रीतीने प्रमेये उभी राहिली.

मान्यतेचा प्रश्न

कापरेकरांचे नाव आज सर्वाधिक घेतले जाते ते ६१७४ या स्थिरांकामुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करावी आणि उत्तरावर हीच क्रिया करीत राहावे. अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात. नऊ अंकी संख्यांसाठी ८६४१९७५३२ हा असाच एक स्थिरांक आहे. तो ९८७६५४३२१ मधून १२३४५६७८९ वजा करून मिळतो आणि त्यात १ ते ९ हे सर्व अंक एकेकदा येत असल्याने पुन्हा तीच वजाबाकी करावी लागते.

६१७४ ची घोषणा कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत केली. १९५५ मध्ये त्यांचा लेख 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात आला. तरीही भारतीय गणितज्ञांनी दीर्घकाळ त्यांच्या कार्याची गंभीर दखल घेतली नाही. १९६२ च्या निवृत्तीनंतर अपुऱ्या निवृत्तिवेतनामुळे त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. जागतिक ख्याती त्यांना मिळाली ती अशा प्रकारे एका कोड्यांच्या सदरातूनच. १९८६ मध्ये देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

या दिरंगाईचे एक कारण हार्डी यांच्यासारख्यांनी मांडलेली गांभीर्याची कसोटी हे होते. परंतु तेवढेच पुरेसे नाही. संशोधकाची ओळख त्याच्या पदावरून व पदवीवरून करण्याची सवय हेही कारण मानावे लागते. डेम्लो संख्यांचा निबंध १९३९ मध्येच विद्यापीठाच्या नियतकालिकात उपलब्ध होता. तो पडताळण्यास उपकरण लागत नव्हते की निधी. गुणाकार करण्याची तयारी तेवढी हवी होती.

निष्कर्ष

१) डेम्लो संख्या हे केवळ अंकांचे नवल नसून गुणाकाराच्या रीतीतील हातच्याच्या नियमाचे दृश्य रूप आहे.
२) अशा संख्यांची दखल 'गणितसारसंग्रहा'त आढळते, त्यांना व्याख्या, नाव व सिद्धांताचे रूप देण्याचे कार्य कापरेकरांनी केले.
३) १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या डेम्लो व हर्षद दोन्ही असणे हा दशमान पद्धतीचा अपघात नाही, तत्सम संख्या प्रत्येक पायात आढळते. त्यामुळे अंकाधारित गुणधर्मांवरील आक्षेपाला मर्यादा पडते.
४) कापरेकरांच्या कार्याचे मूल्यमापन लांबले, कारण विषयाच्या गौणत्वाची समजूत आणि संशोधकाच्या पदाविषयीचा पूर्वग्रह एकत्र आले.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने शेवटचा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. संशोधन कोठे झाले आणि ते कोणी केले यापेक्षा त्यातील विधान सिद्ध होते की नाही, हा प्रश्न आधी विचारला जावयास हवा. देवळालीच्या शिक्षकाने आपले प्रत्येक विधान पडताळ्यासाठी खुले ठेवले होते. पडताळा घेणारे मात्र फार उशिरा आले.